दुकान वाढवायच्या वेळेला येणारं गिऱ्हाईक: रोजचा उशीर आम्ही कसा आटोक्यात आणला

मी नाशिकला मेन रोडवर साड्यांच्या दुकानात काम करते. १७ वर्षं झाली. पहिली नऊ-दहा वर्षं गादीवर साड्या उलगडून दाखवण्यात गेली, आता वरच्या मजल्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमची वेळ सकाळी साडेदहा ते रात्री नऊ. नऊला दुकान वाढवायचं. (आमच्याकडे 'बंद करायचं' म्हणत नाहीत. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला हा शब्द शिकवावा लागतो.)

अडचण सगळ्या दुकानांत तीच आहे. नऊला दहा कमी असताना कुणीतरी जिना चढून येतं. "पाचच मिनिटं हं, एकच साडी बघायचीय." आणि आम्ही सव्वादहाला रस्त्यावर येतो. आठवड्यातून एकदा असं झालं तर कुणी तक्रार करणार नाही. आमच्याकडे ते दर दोन दिवसांनी व्हायला लागलं होतं.

मी याच्या मागे लागले ती एका मुलीमुळे. आडगावहून यायची. हाताला वेग होता, बोलणं गोड, रंगाची नजर तर अशी की गिऱ्हाईकाने ब्लाउजपीसचा तुकडा दाखवला की ही बरोबर त्याच छटेची साडी कपाटातून काढायची. एका डिसेंबरात लागोपाठ तीन रात्री तिची शेवटची बस चुकली. शेअर रिक्षा त्या वेळेला मिळत नाही, पूर्ण रिक्षा करायची तर दिवसाच्या पगारातला मोठा तुकडा जातो. चौथ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, "ताई, ती आता येणार नाही. थंडीत अंधारात आम्ही रस्त्यावर उभं राहायचं किती दिवस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मुलगी परत आली नाही. त्या तिन्ही रात्रींच्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी काहीच घेतलं नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. दुकानात काम करणाऱ्यांसाठी आहे, मालकांसाठीही आहे.

पाच मिनिटांत काय काय येतं

गिऱ्हाइकाला खरंच वाटत असतं की आपण निघालो की दिवे मालवायचे आणि घरी जायचं. त्यांचा दोष नाही, त्यांनी पुढचं कधी पाहिलेलं नसतं.

साडी बघायला आलेलं माणूस सहज २५-३० साड्या उघडायला लावतं. उघडलेली साडी परत घडीत आणायची, आत कागद घालायचा, पदर वर ठेवायचा, किमतीची चिठ्ठी दिसेल अशी पिशवीत सरकवायची. सरावाच्या हाताला एका साडीला दीड ते दोन मिनिटं लागतात. पैठणी किंवा जड जरीचं काम असेल तर जास्त, कारण घडी पुन्हापुन्हा त्याच मोडीवर पडली तर तिथे जरीची तार तुटते. ३० साड्या म्हणजे एकटीला पाऊण ते एक तास. दोघी बसल्या तरी अर्धा तास कुठे गेला नाही. खाली गल्ला मोजायचा असतो, यूपीआय आणि कार्डाच्या रकमा बिलांशी जुळवायच्या असतात, काऊंटरचा माल मोजून वहीत लिहायचा असतो.

"घड्या सकाळी घाला ना," असं एका ताईंनी मला अगदी प्रेमाने सुचवलं होतं. नाही चालत. माल रात्रीच मोजावा लागतो. एखादा नग कमी भरला तर त्याच रात्री तो ढिगात सापडतो. सकाळी कमी निघाला की संशय माणसांवर जातो, आणि तो सगळ्यात आधी सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर जातो.

जे करून पाहिलं आणि फसलं

दारावर 'वेळ: रात्री ९ पर्यंत' अशी पाटी लावली. वाचणारे थोडेच, आणि वाचणारे म्हणतात, "नऊच्या आत तर आलोय."

पावणेनऊला अर्धे दिवे मालवायला सुरुवात केली. हे सगळ्यात वाईट. एका काकूंना अपमान वाटला, आणि त्यांचं बरोबर होतं. शिवाय अर्ध्या उजेडात साडीचा रंग कळत नाही. घरी गेल्यावर मोरपंखी वाटलेली साडी गर्द हिरवी निघते आणि दोन दिवसांनी तेच गिऱ्हाईक बदलून मागायला येतं, तेही रात्री पावणेनऊला.

शटर अर्धं खाली ओढलं. लोक वाकून आत येतात. आत बसलेल्यांना उलट वाटतं, आता गर्दी नाही, आता निवांत बघू. आणि आत माणसं असताना, कापडाने भरलेल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवणं धोक्याचं आहे. आग लागली तर बाहेर पडायची वाट तेवढीच असते. हा उपाय कुणी करत असेल तर आजच बंद करा.

तोंड वाकडं करून दाखवणं, साड्या आपटत काढणं, घड्याळाकडे बघणं, हेही आमच्या मुलींनी करून पाहिलं. गिऱ्हाईक चिडतं, चिडलेलं गिऱ्हाईक लवकर उठत नाही. आणि "आम्हालाही घरं आहेत हो" असं म्हणूनही उपयोग होत नाही. दयेवर मागितलेला वेळ आहे असं समोरच्याला वाटतं आणि तो घासाघीस करतो, "दहाच मिनिटं द्या मग."

वही

शेवटी मी एक वही केली. २१ दिवस रोज लिहिलं: शेवटचं गिऱ्हाईक किती वाजता आलं, कशासाठी आलं, किती साड्या उघडल्या, बिल झालं का, आम्ही किती वाजता बाहेर पडलो. कुणाच्या दुकानात हा त्रास असेल त्यांनी सगळ्यात आधी हेच करावं, बाकी काही करायच्या आधी. मला वाटत होतं की सगळा दोष गिऱ्हाइकांच्या बेपर्वाईचा आहे. वहीने वेगळंच सांगितलं.

२१ पैकी ११ दिवस उशीर झाला होता. त्यातले ४ दिवस गिऱ्हाईक मोबाइल हातात धरून आलं होतं, कारण गूगल मॅपवर आमची वेळ रात्री १० पर्यंत दिसत होती! एका दिवाळीत कुणीतरी वाढवून ठेवली होती, ती तशीच राहिली. ३ दिवस लोक फक्त बदलून घ्यायला आले होते. २ दिवस शेठच्या ओळखीचे होते. सगळं सांगूनही न ऐकणारी, "पैसे देतोय ना आम्ही" म्हणणारी माणसं उरलेल्या २ दिवसांचीच.

त्या दोन दिवसांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. पैसे साडीचे दिलेले असतात. दाखवणाऱ्या मुलीची रात्र त्या बिलात नसते. वेळ माहीत असताना, तोंडावर सांगितलेलं असताना जो बसून राहतो तो चुकतो, मग त्याने २०,००० ची पैठणी घेतली तरी. पण ११ पैकी ९ दिवसांचा उशीर आम्हाला आमच्याच बाजूने थांबवता येत होता.

आणखी एक गोष्ट वहीत निघाली. त्या ११ रात्रींपैकी ४ रात्री बिलच झालं नाही. शेठसमोर ही वही ठेवली तेव्हा ते बराच वेळ पानं उलटत बसले. आमचे शेठ वाईट नाहीत. आलेली लक्ष्मी दारातून परत पाठवू नये हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं आहे, त्या श्रद्धेला मी हात लावला नाही. मी एवढंच म्हटलं, "शेठ, ती आडगावची मुलगी गेली, तिचा हात पुन्हा मिळाला नाही."

काय बदललं

गूगलवरची वेळ त्याच दिवशी दुरुस्त केली. दहा मिनिटांचं काम. आता प्रत्येक सणानंतर ती तपासायचं काम एका मुलाच्या नावावर लिहिलेलं आहे.

खरा फरक पडला तो वेळ सांगायची जागा बदलल्याने. आधी आम्ही गिऱ्हाइकाला गादीवर बसवायचो, पाणी द्यायचो, चार साड्या टाकायचो आणि मग नऊ वाजले की चुळबुळ करायचो. आपल्याकडे पाणी दिलं की माणूस पाहुणा होतो. पाहुण्याला ऊठ म्हणता येत नाही, आणि पाहुण्यालाही आपण नकोसे झालो हे कळलं की लागतं. म्हणून आता साडेआठपासून खाली दारात एक माणूस उभा असतो आणि वेळ तिथेच सांगतो, हसून आणि आकड्यात. "या ना. नऊला वाढवतो आपण, २५ मिनिटं आहेत. काय बघायचंय?" बरेच जण तिथेच म्हणतात, "अरे, मग उद्या निवांत येऊ." जे वर येतात ते ठरवून येतात.

वर आल्यावर आम्ही 'काय दाखवू?' असं मोघम विचारत नाही. कशासाठी, कुणासाठी, किती पर्यंत, असे तीन प्रश्न. "मावशी, ओटीसाठी हवीय की लेकीला द्यायला? हजाराच्या आत ना? मग ह्या सहा बघा, ह्यातूनच निवडा." सहा हा आमचा रात्रीचा नियम आहे. साडेआठनंतर एका वेळी सहाच साड्या उघड्या. सातवी काढायची तर आधीची एक घडीत गेली पाहिजे. याने गिऱ्हाइकाचंही डोकं भांबावत नाही. माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे की तिसाव्या साडीनंतर बाई पुन्हा तिसरीवरच येते.

फॉल-पिकोची कामं घेणं आठला बंद केलं आणि ब्लाउजपीस जुळवून देणं साडेआठला. मॅचिंग म्हणजे वेळेची विहीर आहे, ती रात्री उघडायचीच नाही. बदलून देण्यासाठी बिलावरच मोठ्या अक्षरात छापलं: सकाळी १०:३० ते संध्याकाळी ७. त्यावर थोडी नाराजी झाली, महिन्याभरात मावळली.

राहता राहिला अर्धवट आवडलेला माल. हा उपाय सोपा आहे आणि तो आम्ही इतकी वर्षं का केला नाही याचं मला वाईट वाटतं. पावणेनऊला निवड झाली नसेल तर आवडलेल्या दोन-तीन साड्या एका पिशवीत घालायच्या, वर नाव आणि तारीख लिहायची, आणि म्हणायचं, "ह्या तुमच्याच. परवा संध्याकाळपर्यंत कुणाला दाखवत नाही. हवं तर आत्ता उजेडात फोटो काढून न्या, घरी सगळ्यांना दाखवा." हातातून निसटेल ही भीती गेली की माणूस उठतो. रात्री रेंगाळणाऱ्या बहुतेक बायकांना तीच भीती असते. घरून पुन्हा निघणं त्यांनाही सोपं नसतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून सुटून येणाऱ्यांची तर दिवसभरातली तेवढीच वेळ मोकळी असते. त्यांना आम्ही नंबर देतो. फोन करून काय हवं ते सांगायचं, आम्ही माल काढून ठेवतो, आले की २० मिनिटांत बिल.

जो तरीही बसतो

पावणेनऊला एकदा, नऊला पाच कमी असताना दुसऱ्यांदा. दोनदाच सांगायचं, तिसऱ्यांदा मी स्वतः जाते. नव्या मुलीला रागावलेल्या गिऱ्हाइकासमोर एकटं सोडायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे. मी समोर बसते, उभी राहून बोलत नाही. "दादा, वहिनींना ही जांभळी शोभतेय. बिल करायचं असेल तर खाली काऊंटर अजून चालू आहे. नसेल तर ठेवून देते, उद्या मी स्वतः दाखवेन. पण आता मुलींना सोडतेय मी." आणि त्यांच्यासमोरच मुलींना सांगते, "निघा गं." मुली पिशव्या उचलून जिना उतरायला लागल्या की पुढचं बोलणं आपोआप संपतं. घड्या मी आणि एक मुलगा घालतो.

"मालकाला सांगेन" असं कुणी म्हटलं तर सांगू द्यायचं. पण त्यासाठी मालक आधी तुमच्या बाजूला हवा. तुम्ही वर नियम पाळताय आणि खाली गल्ल्यावरून शेठ हाका मारताहेत, "या या, बसा, तुमच्यासाठी काय वेळ," तर सगळं पाण्यात.

शेठच्या ओळखीच्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. मेहुण्यांचा फोन येतो, "निघालोय, पोचतोच." नाही म्हणता येत नाही. यावर तोडगा शेठनीच काढला. अशा दिवशी ते स्वतः थांबतात, सोबत एक मुलगा, आळीपाळीने. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा यायची मुभा, आणि जादा वेळ वहीत. मुली थांबत नाहीत. पहिल्या महिन्यात शेठ अशा तीन रात्री थांबले, दुसऱ्या महिन्यात एकच. स्वतः घड्या घालायला लागल्यावर फोनवरचं "या या" कमी झालं.

कायद्याचं थोडं

हे मालकाशी भांडायला सांगत नाही, माहीत असावं म्हणून सांगते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. मूळ कायद्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा दिवस जास्तीत जास्त साडेदहा तासांचा. दिवसापुरतं आमचं गणित त्यात नेमकं बसतं: साडेदहा ते नऊ, मध्ये जेवण-चहाचा दीड तास. त्या हिशोबाने नऊनंतरचं प्रत्येक मिनिट जादा काम, आणि जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दुप्पट. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे तास १० पर्यंत नेण्याचा आणि कायदा २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लावण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तुमच्या दुकानाला आज नेमकं काय लागू आहे ते कामगार उपायुक्त कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

बायकांसाठी मूळ कायद्यातली एक वेळ लक्षात ठेवायची: रात्री साडेनऊ. त्यानंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. नऊला दहा कमी असताना आलेलं गिऱ्हाईक आणि अर्ध्या तासाच्या घड्या, एवढ्यात ही वेळ ओलांडली जाते. कुणी विचारत नाही, आणि संमती गृहीत धरली जाते.

जिथे हा नियम लावू नये

बस्ता, म्हणजे लग्नघराची एकत्र कापडखरेदी, हा वेगळा विषय आहे. तुळशीचं लग्न झालं की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून बस्ता फाडायला माणसं येतात, दोन गाड्या भरून, आजीपासून करवलीपर्यंत. कांद्याचा किंवा द्राक्षाचा पैसा हातात आला की मग बस्ता. बाजार समितीतला लिलाव, हिशोब, रोकड, मग नाशिकचा रस्ता. ही माणसं सहाला पोचतात आणि दहापर्यंत बसतात. यांना घड्याळ दाखवायचं नाही. हे एका घराचं वर्षभराचं ठरलेलं काम आहे. आम्ही फोनवर आधी तारीख ठरवतो, त्या दिवशी कोण थांबणार हे आठवडाभर आधी विचारून लिहितो, आणि जेवण दुकानाकडून.

वेळ पाळणं आपल्या गावाला जमत नाही असं मला कुणी सांगू नये. पावसाळ्यात गोदेला पाणी वाढतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं असं कळलं की सराफ बाजार, भांडी बाजारातली दुकानं भराभर आवरतात, आणि एकही गिऱ्हाईक "पाचच मिनिटं" म्हणत नाही. रंगपंचमीला रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात त्या दिवशीही नाही. कारण माहीत असलं की लोक ऐकतात, म्हणून आम्ही कारण सांगायला लागलो. "आमच्या तीन मुली शेवटच्या बसने जातात" असं दारातला मुलगा सांगतो, तेव्हा जिना न चढता परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

दिवाळीचे शेवटचे आठ दिवस आणि लग्नसराईतल्या मोठ्या तिथी, तेव्हा वेळ वाढवावीच लागते. ती आधीच जाहीर करतो, दारावर, गूगलवर आणि नोंदलेल्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. वाढवलेली वेळही वेळच, दहा म्हणजे दहा. त्या दिवसांत शेठ एक गाडी ठरवतात. पंचवटीवरून आडगाव नाका, मग सिडको, शेवटी पाथर्डी फाटा. कोण कुठे उतरणार याची यादी ड्रायव्हरकडे असते आणि एक माझ्याकडे. शेवटची मुलगी घरात गेल्यावर मला फोन करते. तो आला की मी दिवा मालवते.